रातपाळीचा सेंटर फॉरवर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

या घरात आज सत्तांतर झालं. पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून लिहून ठेवतो. माझी हातांची लाकडी खुर्ची, जिच्यात बसून मी सुरतेच्या अर्ध्या बाजारातल्या साड्यांना नावं दिली, ती आज भरदुपारी खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत नेण्यात आली. नोटीस नाही, सुनावणी नाही. विचारलं तर आमची चैताली लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, ऑफिस छे." ऑफिस म्हणजे सुषमाच्या शिवणयंत्राचं टेबल आणि समोर माझी खुर्ची. यंत्र पलंगाखाली गेलं आहे. यंत्राची मालकीण, म्हणजे माझी बायको, यावर एक शब्द बोलली नाही. म्हणजे कट जुना आहे.

खुर्चीला हात नसले तर मला सुचत नाही, हे कुणाला पटत नाही. 'रूपमंजिरी' हे नाव उजवं कोपर टेकवूनच सुचलं होतं. त्या साडीचे किती गठ्ठे बिहारला गेले ते साडीच्या व्यापाऱ्याला, ठाकोरभाईंना विचारा. पण विचारतो कोण?

शेवटी शेजारी कलाबाईकडे गेलो. तिच्या दारात लाल प्लास्टिकची खुर्ची असते. म्हटलं, "ताई, दोन दिवस द्या."

"न्या ना दादा. माले काय, मी खाले बसी जासू."

खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'कला' लिहिलंय आणि एक पाय लंगडा आहे. हात आहेत, पण कोपर टेकवलं की ते बाहेरच्या बाहेर वाकतात, एखाद्या नगरसेवकाच्या आश्वासनासारखे. तरी बसलो. माणसाने परिस्थितीशी जुळवून घ्यावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात काय चालतं ते आज कळलं. फॅंटसी फुटबॉल. हा असा खेळ की ज्यात घाम दुसऱ्याचा आणि गुण आपले. खऱ्या खेळाडूंमधून आपण अकरा निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं. खरा सामना झाला की कुणी गोल मारला, कुणी अडवला, त्याप्रमाणे आपल्याला गुण. कॅप्टनचे दुप्पट. बाकी जग यासाठी इंग्लंड-स्पेनचे खेळाडू निवडतं. माझ्या मुलीने आमचं नवागाम निवडलं.

रेल्वेच्या रुळांपलीकडच्या मैदानात दर रविवारी सकाळी लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या पोरांचे सामने होतात. आठ संघ. आपली खानदेशी पोरं, गंजामची ओडिया पोरं, दोन-तीन बिहारी. ही ओडिया पोरं आईच्या पोटातून बॉल घेऊनच येत असावीत. चैतालीच्या साइटवर हे सगळे आहेत, फोटोसकट. साइटचं नाव 'अकराजण'.

"पैसे लावायचे?" मी विचारलं.

"नाही. पैसे लावायच्या साइट्स कायद्याने बंद झाल्या. आणि चालू असत्या तरी मी लावू दिले नसते. महिन्याचे पगार इथेच उडाले असते."

"मग साइट चालणार कशावर?"

"ॲड्सवर."

मी हसलो. जरा जास्तच वेळ हसलो, कारण सुषमाने स्वयंपाकघरातून भांडं आपटलं.

मग करार झाला. कतारगामच्या एका हिऱ्याच्या कंपनीत कम्प्युटर विभागात तिच्यासाठी मी शब्द टाकला आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झालं की रुजू व्हायचंय. एसी ऑफिस, दिवसाची ड्यूटी, पीएफ. उत्तरायणापर्यंत 'अकराजण'ला पूर्ण मोसमाचा एक मुख्य जाहिरातदार मिळाला तर कतारगाम रद्द. नाही मिळाला तर साइट बंद आणि पोरगी कतारगामला. तिने हात पुढे केला, मी हातावर हात मारला.

आणि त्यानंतर माझ्याच तोंडून निघालं, "जाहिराती आणणं कॉलेजात शिकवत नाहीत. ते माझ्यावर सोड."

का बोललो? वीस वर्षं आमच्या बुद्धविहाराच्या जयंती स्मरणिकेसाठी मी जाहिराती गोळा करतो. नवागाम-डिंडोलीत असा दुकानदार नाही जो मला पाहून शटर अर्धं खाली ओढत नाही. हा अनुभव वाया कशाला घालवायचा?

९ नोव्हेंबर, रविवार

मैदानावर गेलो. फुटबॉल मला कळत नाही, पण न कळणाऱ्या गोष्टींवर मत असणं हा माझा व्यवसाय आहे.

कलाबाईचा वाल्मिक सेंटर फॉरवर्ड आहे. ठाकोरभाईंच्या लूमवर रातपाळी करतो. सकाळी सातला सुटला, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन मैदानात आला. एकदा तर समोर गोलकीपर नव्हता, कुणीच नव्हतं. फक्त दोन खांब आणि वाल्मिक. त्याने बॉल खांबांच्या इतक्या बाहेरून मारला की पलीकडे चहा पिणारा एक जण दचकला. मध्यंतरात तो बॉलवर बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

कलाबाईनेही टीम केली आहे. कॅप्टन वाल्मिक. मी तिला समजावून सांगितलं, "ताई, शून्याची दुप्पट शून्यच. गंजामचा तो सात नंबरचा घ्या, तो दर सामन्यात गोल मारतो."

ती माझ्याकडे असं बघू लागली की जणू मी तिला घर बदलायला सांगितलं. "मन्हा पोऱ्या शे तो. त्याले नही करू ते कोनले करू कॅप्टन?"

आजूबाजूच्या साऱ्या बाया अशाच. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. गुणतक्त्याच्या तळाला त्यांचीच वस्ती आहे. बाकीच्या दगडांवर, पायरीवर बसल्या होत्या. कलाबाई मात्र पूर्ण सामना उभी. तिचे गुडघे दुखतात, खाली बसली की उठवायला दोघं लागतात, हे मला माहीत आहे. तरी उभी. भक्ती याला म्हणतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन जाहिरातदार! चार दिवसांत! सुकदेव ट्रॅव्हल्स (धुळे-जळगाव रोज रात्री, स्लीपर), गोपालची पोहे-जलेबी आणि वैभवचं मोबाइल रिपेअरिंग. लहान मासे आहेत, मोसमभर टिकणारे नाहीत, पण सुरुवात म्हणून काय वाईट?

चैतालीने जाहिरातीसाठी म्हणे 'बॅनरचे साइज' बनवून ठेवले होते. मी ते बाजूला ठेवले आणि सिद्ध पद्धत वापरली. मालकाचा हात जोडलेला फोटो, खाली 'शुभेच्छुक', त्याखाली नाव. माणूस जाहिरात विकत घेत नाही, स्वतःचा फोटो विकत घेतो. हे शास्त्र आहे.

तिघांनाही एकच प्रश्न होता, "दादा, मी कुठे दिसणार?" तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, "सगळ्यांत वर."

छाती भरून आली. सुषमाला सांगितलं तर म्हणाली, "अहो, पण वर एकच जागा असते ना?" तिला वेबसाइट काय कळतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर एकच जागा असते.

काल सामना संपला तेव्हा शेकड्याने लोकांनी 'अकराजण' उघडलं, आणि त्यांना आधी सुकदेव दिसला. हात जोडून. मग अंगठ्याने वर सरकवलं तर गोपाल. हात जोडून. मग वैभव, त्याच्यामागे हिमालय, कारण स्टुडिओत तेवढाच पडदा होता. काल कुणी गोल मारले हे शोधता शोधता लोकांना वाटलं आपण चुकून कुणाच्या तरी वाढदिवसात आलो.

गंजामच्या सात नंबरने चैतालीला मेसेज केला, "दीदी, इलेक्शन है क्या?"

सकाळी सुकदेवचा फोन. "दादा, माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर बोट सरकवलं की मी गायब आणि गोपाल वर." त्याच्यामागोमाग गोपालचा, "पोहे खाली आणि बस वर? लोक आधी खातात का आधी प्रवास करतात?" वैभवचा फोन आलाच नाही. तो थेट घरी आला.

चैताली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पप्पा, तुम्ही एक गच्ची तीन जणांना विकली."

"फिरती ठेव," मी सुचवलं. "आज हा वर, उद्या तो."

तिने तिघांना तेच विचारलं. तिघांनाही स्थिर जागा हवी. महिनाअखेरपर्यंत वरची जागा कायमची मिळाली नाही तर जाहिरात काढा, असं सुकदेवने सांगितलं. बाकीचे दोघेही त्याच्याकडे बघून सांगतील.

स्मरणिकेत मलपृष्ठ असतं. आतलं मुखपृष्ठ असतं. मधलं रंगीत पान असतं. इतकी साधी सोय ज्या माध्यमात नाही, त्याला लोक प्रगत कसं म्हणतात?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता लहान मासे नकोत. ठाकोरभाईंकडे गेलो. रिंगरोडच्या मार्केटात त्यांचं दुकान, नवागामला त्यांचे लूम. त्यांच्या साड्यांना मी नावं देतो, त्यामुळे गादीवर बसायला मिळतं, लोड मात्र मिळत नाही.

"आवो आवो धम्मुभाई." माझं नाव धम्मरत्न आहे, हे त्यांना चेकवर लिहिताना तेवढं आठवतं.

मी प्रेक्षकवर्ग, युवाशक्ती, डिजिटल भविष्य असं सगळं एका दमात सांगितलं. ठाकोरभाईंनी शांतपणे ऐकलं, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि विचारलं, "तमारा जुवानिया साडी पहेरे छे?" तुमची तरुण पोरं साडी नेसतात का?

गादीवरचे सगळे हसले. मीही हसलो. शेठच्या विनोदाला हसणं हा व्यवहाराचा भाग आहे. बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की तो विनोद नव्हता, प्रश्न होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पत्र लिहायला बसलो, शुद्ध गुजरातीत. लाल खुर्ची डगमगते, पण वाक्यं डगमगली नाहीत. "जेव्हा काळाच्या मैदानावर परंपरेचा चेंडू आधुनिकतेच्या पायाशी येतो..." हे मी मराठीत इथे नोंदवतो. मूळ याहून सुंदर आहे. लिफाफ्यात घालून दुकानावर पोचवलं. असं पत्र वाचून दगडालाही जाहिरात द्यावीशी वाटेल.

३० नोव्हेंबर, रविवार

वाल्मिक: शून्य गोल. कलाबाई: तक्त्यात शेवटून पहिली. उभी.

घरी आल्यावर मी चैतालीला स्पष्ट सांगितलं, "तळाचा भाग झाकून टाक. उद्या ठाकोरभाईंनी साइट उघडली तर काय दिसेल? शेवटच्या पानभर बाया, सगळ्यांना भोपळा. धंद्यात चढती गोष्ट दाखवायची असते."

"पप्पा, वरचे निम्मे दर आठवड्याला बदलतात. चार रविवार हरले की येतच नाहीत. खालची एकही गेली नाही."

"जाऊन जाऊन जाणार कुठे? त्यांना समजतच नाही की हरतोय."

"समजतं," ती म्हणाली. "कलाकाकू दर सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी उघडते. मी बघते ना, कोण कधी येतं ते."

पोरगी हुशार आहे, पण भाबडी. तक्ता झाकायला नाही म्हणाली.

आज सुकदेवने जाहिरात काढून घेतली. म्हणजे त्याचे जोडलेले हात सुटले.

३ डिसेंबर, बुधवार

कलाबाई दारात. हातात मोबाइल, काखेत साड्यांचं बोचकं. ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घेते. माल ठाकोरभाईंच्याच दुकानाचा.

"दादा, या पडद्याना फोटो कसा काढतस?"

"कशाचा फोटो?"

तिने 'अकराजण' उघडून दाखवलं. तक्त्याचा तळ. शेवटी ती, तिच्यावर तिच्याच गल्लीतल्या बाया, प्रत्येकीच्या नावापुढे तिचा माणूस कॅप्टन, पहिल्या रविवारपासून आजपर्यंत. मला गलबलून आलं. माणूस आपल्या पराभवाचासुद्धा फोटो जपून ठेवतो! दोन बटणं एकदम कशी दाबायची ते तीनदा शिकवलं. चौथ्यांदा तिने स्वतः काढला आणि लहान पोरीसारखी हसली.

"मार्केटात चाललात?"

"हां. माल देवाले."

"ठाकोरभाई दिसले तर माझा नमस्कार सांगा. माझं पत्र त्यांच्याकडे आहे म्हणावं."

ती मी बसलो होतो त्या खुर्चीकडे जरा बघत राहिली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसा दादा, बसा. लिखानं काम शे तुमनं."

साहित्याबद्दल असा आदर आजकाल शिकलेल्यांत उरलेला नाही.

संध्याकाळी सुषमा, कलाबाई आणि गल्लीतल्या चार-पाच जणी ओट्यावर काहीतरी खुसुरफुसुर करत होत्या. मी गेलो तर विषय एकदम मेथीच्या भावावर गेला.

८ डिसेंबर, सोमवार

वैभवही गेला. हिमालयासकट. गोपाल एकटा उरला आहे, तोही अशासाठी की त्याला जाहिरात कशी काढायची असते ते माहीत नाही.

ठाकोरभाईंकडून काही नाही.

कतारगामच्या साहेबांचा फोन आला, "मुलगी येणार ना नक्की?" मी "हो हो" म्हणालो. चटकन म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझा आवाज आनंदी होता.

तिने हरावं असं मला वाटतं का? वडील म्हणून दिवसाची ड्यूटी बरी वाटते. माझे वडील मिलमध्ये होते, त्यांच्या पाळ्यांवर आमचं घर झोपायचं आणि उठायचं. मला घरात एक माणूस असा हवा होता जो सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, जगातल्या सुखी लोकांसारखा. मग रोज मार्केटात पायपीट का करतोय मी? आज मला माझाच स्वभाव कळेना. हे इथे लिहितो कारण इथे कुणी वाचत नाही.

आतून चैतालीचा आवाज येतोय. गंजामच्या एका पोराला ती फोनवर समजावतेय की त्याचा गोल ऑफसाइड का होता. ओडियात. ही ओडिया कधी शिकली?

१४ डिसेंबर, रविवार

ठाकोरभाई मैदानावर आले! पांढरी गाडी, पांढरे बूट. मैदानातली धूळसुद्धा क्षणभर थबकली असेल. मी धावत गेलो. पत्राचा परिणाम, दुसरं काय?

माझ्याशी हात मिळवून ते सरळ बायांच्या घोळक्याकडे गेले. वाल्मिकच्या पायात बॉल होता, म्हणजे पायाच्या आसपास होता. कलाबाई ओरडत होती, "वाल्या, उठ ना रे! डोया उघड!" त्याने मारला. खांबाला लागला. बाया अशा आनंदल्या की जणू गोल झाला. त्यांच्या हिशेबात खांबाला लागणं ही प्रगती आहे.

"आ कोण?" ठाकोरभाईंनी विचारलं.

"तुमचाच कारागीर, शेठ. रातपाळीचा," मी म्हणालो.

"मारो?" म्हणजे माझा? त्यांनी वाल्मिकला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. मग कलाबाईकडे वळले. तिला ते ओळखत होते, मालाची बाई म्हणून. "माजी, ऊभा केम छो? बेसो ने." आई, उभ्या का, बसा ना.

"खुरशी घेर छे, शेठ," कलाबाई हसून म्हणाली.

घरी खुर्ची असून बाई मैदानात उभी राहते! मी ठाकोरभाईंचा चेहरा पाहिला. अशा निष्ठेने कोण हलणार नाही?

१७ डिसेंबर, बुधवार

हे सावकाश लिहितो, कारण पुन्हा वाचायला लागणार आहे.

ठाकोरभाईंनी बोलावलं. चैतालीला सोबत नेलं. गादीजवळ चहाच्या ग्लासाखाली माझं पत्र होतं, लिफाफ्यावर ग्लासाची गोल वर्तुळं उमटलेली, चिकटवलेली कड जशीच्या तशी. रोज हाताशी ठेवतात, याहून मोठा मान कोणता?

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर 'अकराजण'च्या तक्त्याचा तळ. शेवटी कलाबाई. हुबेहूब तसाच फोटो जसा मी तिला काढायला शिकवला होता. माझ्या पत्राने उत्सुकता वाढून त्यांनी स्वतःच शोधला असणार. मोठ्या माणसांची नजर बघा, बरोबर तिथेच गेली!

"आ बैरां रोज हारे छे," ते म्हणाले. या बाया रोज हरतात.

मी घाईने म्हणालो, "शेठ, तो भाग आम्ही झाकणारच होतो..."

"पण जती नथी." पण जात नाहीत. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "धम्मुभाई, मारी दुकानमां घराक आवे, बे रुपिया सस्तुं देखाय के बाजुनी दुकानमां जाय. आ बैरीने बे महिना थया, एनो छोकरो एक गोल नथी मारतो. एणे कॅप्टन बदल्यो?" गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी दुकान बदलतं, हिने कॅप्टन बदलला का?

"नाही," चैताली म्हणाली.

"आवुं घराक मने आखा मार्केटमां बताव." असं गिऱ्हाईक मला अख्ख्या मार्केटात दाखव.

मग चैतालीने विचारलं, "शेठ, जाहिरात कुठे ठेवू? वर?"

"उपर कोण जुए छे? नीचे. कलाबेननी नीचे." कलाबाईच्या नावाखाली, तक्त्याच्या अगदी तळाला, ठाकोर सिल्क. पूर्ण मोसम. या बाया रोज उघडून जिथे आधी बघतात तिथे.

मी उठून हात जोडणार, तेवढ्यात ही पोरगी म्हणते, "एक शर्त छे."

ठाकोरभाईंच्या गादीवर कुणी अट घातलेली मी पाहिलेली नाही.

"तमारा जे छोकरा रमे छे, एमने शनिवारे रातपाळी नहीं." जी पोरं खेळतात त्यांना शनिवारी रातपाळी नको. हवं तर दुसऱ्या रात्री भरून घ्या.

"धंधो करवा आवी छे के युनियन करवा?"

"धंधो, शेठ. झोपलेला खेळाडू गोल मारत नाही. गोल नाही तर बाया तळाला. तुम्हाला त्या तळाला हव्यात हे खरं, पण कायम तळाला राहिल्या तर त्यांची पोरं एक दिवस खेळणंच सोडतील. मग ना बाया, ना जाहिरात." मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकत्र बोलली. थांबली नाही, डोळे खाली घातले नाहीत.

ठाकोरभाईंनी सुपारी गालात फिरवली. मी मनात कतारगामची वाट चालू लागलो होतो.

"हारु," ते म्हणाले, म्हणजे बरं. "शनिवारे रात नहीं. पण मने एक गोल जोइए." पण मला एक गोल हवा. मग माझ्याकडे वळून, "धम्मुभाई, आ छोकरी तमारी ज छे?"

"माझीच," मी म्हणालो. एवढं छोटं वाक्य मी आयुष्यात इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो.

खाली उतरताना तिला विचारलं, "ती अट तुला कधी सुचली?"

"मला नाही," ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी ओट्यावर ठरलं."

ओट्यावर मेथीचे भाव ठरतात. पोरगी दमली होती, काहीतरी बोलून गेली. मी विषय वाढवला नाही.

२० डिसेंबर, शनिवार

बातमी गल्लीभर. सुकदेव परत आला. "दादा, मलाही खाली टाका."

"खाली ठाकोरभाई आहेत."

"मग त्यांच्या जरा वर. पण वर नको."

वैभवही आला. हिमालय नको म्हणाला, साधा फोटो चालेल. गोपालने तर आपण कायमच खालच्या जागेच्या पक्षात होतो असा दावा केला. ज्या वरच्या जागेसाठी तिघे माझा जीव घेत होते ती आता रिकामी आहे. चैतालीने तिथे रविवारचे गोल लावलेत. उघडलं की आधी गोल दिसतात. कशी विचित्र कल्पना, पण लोकांना आवडली.

जाहिरातशास्त्राचे माझे सिद्धांत सुधारून घ्यावे लागणार. चूक माझी नाही, शास्त्रच नवं आहे.

२८ डिसेंबर, रविवार

वाल्मिक झोपून आला होता. केस विंचरलेले, कापूस नाही. त्याला जागं असलेलं मैदानावर पहिल्यांदा पाहिलं, चेहरा ओळखू येईना.

मध्यंतराआधी कॉर्नर. बॉल आला, वाल्मिक उडाला, कुठे लागला त्यालाही कळलं नाही, डोकं की खांदा. जाळं हललं. मग बायांकडून जो आवाज उठला, तो रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरनेही ऐकला असेल, कारण त्याने शिटी वाजवली.

कलाबाई मात्र तोंडावर पदर धरून उभी होती.

वाल्मिक धावत आला. आईकडे जाईल असं वाटलं. पण तो चैतालीच्या मोबाइलकडे धावला. "दीदी, आईचे गुण टाक ना! दुप्पट ना? कॅप्टन ना मी?" चैतालीने टाकले. कलाबाई शेवटून पहिली होती, शेवटून चौथी झाली. गल्लीत पेढे वाटले जात आहेत.

दुपारी चैतालीने कतारगामला स्वतः फोन केला. मी शेजारी उभा होतो. "सर, थँक यू, पण माझं स्वतःचं काम सुरू झालंय." स्वतःचं काम. मला वाटलं होतं वाईट वाटेल. खिडकीबाहेर बघत बराच वेळ चष्मा पुसत राहिलो, तो स्वच्छच होता.

संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, तुमची खुर्ची घेऊन जा. मी दुसरी आणते."

"राहू दे," मी म्हटलं. "ऑफिसला हाताची खुर्ची लागते."

सुषमाने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं आणि भांडं अजिबात आपटलं नाही.

मग लिहायला लाल खुर्ची ओढली. ओढताना ती फिरली आणि पाठ माझ्याकडे आली. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये 'कला'.

बराच वेळ बसलो नाही. मागची सगळी पानं उलटून पाहिली. प्रत्येक रविवारी तोच एक शब्द लिहिलाय. उभी.

आजचं हे पलंगाच्या कडेवर बसून लिहिलं. कोपर टेकवायला काही नाही. तरी सुचतंय.

४ जानेवारी, रविवार

सकाळी लवकर उठलो. खुर्ची धुतली, पुसली, लंगड्या पायाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. मैदानापर्यंत डोक्यावर नेली. वाटेत गोपालने विचारलं, "काय दादा, सभा आहे का?" उत्तर दिलं नाही. माझ्यासाठी ही नवी गोष्ट आहे.

सामना सुरू झाला होता. कलाबाई नेहमीच्या जागी, नजर वाल्मिकवर. मी खुर्ची तिच्या मागे ठेवली, लंगडा पाय सपाट जागी येईल अशी. तिने मागे वळून पाहिलं नाही. हाताने चाचपलं, खुर्चीचा हात सापडला, आणि बसली.

"वाल्या, डाव्या बाजूले!" ती ओरडली.

मी तिच्या बाजूला उभा राहिलो, सामना संपेपर्यंत.